चिप्स हरवल्या? मांडवी आहे ना!

गोव्यात पोकर टूर्नामेंट भरवताय? अभिनंदन! बॅनर, डीजे, विजेत्यासाठी दारभर उंचीचा पुठ्ठ्याचा चेक, सगळं ठरलंच असेल. राहता राहिल्या चिप्स, म्हणजे डाव लावायच्या चकत्या. त्या मोजायच्या फंदात पडू नका.

खरं तर हिशेब चौथीतलं पोरही करेल. १२० जण, प्रत्येकी २०,००० च्या चिप्स, म्हणजे टेबलांवर एकूण २४ लाख. वर री-एंट्री, म्हणजे बाद होऊन पुन्हा पैसे भरून आलेल्यांच्या चिप्स, मिळवायच्या. पण हा आकडा स्क्रीनवर झळकवलात की दर ब्रेकला कुणीतरी आगाऊ माणूस ताळा जमवत बसणार. त्यापेक्षा री-एंट्री सिगारेटच्या पाकिटावर लिहा. पाकीट संपलं की फेकायचंच असतं.

टूर्नामेंटचं नाव छापलेल्या चिप्स वगैरे चोचले नकोत, दुकानात मिळतात त्याच घ्या. जादा चिप्सची पेटी बारशेजारी उघडी ठेवा. कुलूप दिसलं की पाहुणे मनाला लावून घेतात.

माणसं कमी झाली म्हणून टेबल मोडून दुसरीकडे बसवलं की खेळाडूने चिप्स सगळ्यांना दिसतील अशाच न्याव्यात, खिशात घातल्या तर त्या जप्त आणि वर तो बादही होऊ शकतो, असा नियम आहे. पण फुलाफुलांचा शर्ट आणि सहा खिशांची हाफ पँट घालून मजा करायला आलेल्या माणसाला हे सांगायचं कसं? चालताना खुळखुळ आवाज आलाच तर स्कूटीची चावी असेल म्हणायचं.

खरी बहार कलर-अपला. ब्लाइंड्स, म्हणजे पत्ते बघण्याआधीच लावायच्या सक्तीच्या रकमा, वाढले की पंचवीसच्या चिप्स गोळा करून शंभराच्या द्यायच्या. सुट्या उरलेल्या प्रत्येक चिपमागे एक पत्ता वाटायचा, वरच्या पत्त्यांना शंभराची चिप. एकाला एकच, आणि यात कुणी बाद होत नाही. दोघांनी, कॅमेऱ्याखाली मोजून करायचं हे काम. तुम्ही ते रात्री दोनला, फोन कानाला लावलेल्या एकट्या माणसावर सोपवा. २००६ च्या लास वेगासमधल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेला ८,७७३ खेळाडू होते, प्रत्येकी १०,००० च्या चिप्स. शेवटी हिशेबापेक्षा वीस लाखांहून जास्त निघाल्या! लास वेगासला जमतं, मग आपण का मागे राहायचं?

कमी भरल्या तर आधी पत्ते वाटणाऱ्या डीलरला धरा. पेडण्याचा पोरगा, टेबल सोडताना दर वेळी टाळी वाजवून दोन्ही तळवे कॅमेऱ्याला दाखवतो. अख्ख्या हॉलमध्ये ज्याचे रिकामे हात रेकॉर्डवर आहेत असा तो एकटाच. संशयाला एवढं पुरे.

त्यानेही भागलं नाही तर मांडवी आहेच. १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात पुढे दुरुस्ती करून सरकारने पत्त्यांची टेबलं जहाजावर नेली, ती आयोजकांच्या या अडचणीचा विचार करूनच, असं माझं प्रामाणिक मत आहे. ‘जहाजावर नेणाऱ्या फीडर बोटीत चढताना पडल्या असतील हो,’ एवढं म्हणा. नदीचा तळ कोण उपसतोय?

संडासाकडे मात्र लक्ष असू द्या. २०१४ साली अटलांटिक सिटीत एका पठ्ठ्याने बोर्गाता कॅसिनोच्या टूर्नामेंटमध्ये खोट्या चिप्स घुसवल्या आणि उरलेल्या आपल्या मुक्कामाच्या हॉटेलच्या कमोडमध्ये ओतल्या. पाइप तुंबला, भांडं फुटलं, टूर्नामेंट गुंडाळावी लागली. तेव्हा आयोजन समितीत हिशेबनीस नसला तरी चालेल, प्लंबर घ्या. त्याचं मानधन आगाऊ द्या, आणि तेही रोख. चिप्समध्ये तो घ्यायचा नाही.