कात्री स्टीलची आहे, गंजत नाही

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितोय. नाशिकजवळच्या एका हायस्कुलात दहावीला टीडीची (धनुर्वात आणि घटसर्पाची) लस होती. निम्मी संमतीपत्रं सहीविना परत. एकावर पोराने पेन्सिलीने लिहिलेलं: "आमची छाटणीची कात्री स्टीलची आहे, गंजत नाही. मग टीडी कशाला?"

इतका चांगला प्रश्न! आणि लशीचा धडा गेल्याच आठवड्यात 'संपलाय'. व्याख्या फळ्यावर, व्याख्या वहीत, खाली लाल खूण. कात्रीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

अहो, धनुर्वात गंजाने होतच नाही. त्याचे बीजाणू मातीत, शेणखतात वर्षानुवर्षं पडून असतात. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीत कात्री अंगठ्यात खोल घुसली, जखम वरून मिटली, आत हवा पोचेना, की ते जागे होऊन विष सोडतात. टीडीत तेच विष असतं, निकामी केलेलं. रोग व्हायला खरं विष इतकं थोडं पुरतं की धनुर्वातातून वाचलेल्यालाही प्रतिकारशक्ती येत नाही, त्यालाही लस द्यावीच लागते. लहानपणीच्या डोसांचा जोर ओसरतो, म्हणून १० आणि १६ व्या वर्षी पुन्हा. आणि इथे शेजाऱ्याची लस तुमच्या कामाची नाही, रोग मातीतून येतो.

त्याच सुईतली दुसरी लस घटसर्पाची, तो मात्र माणसाकडून माणसाकडे जातो. तिथे शेजारी मोलाचा. हे एका तासात दाखवता येतं. ४० ग्लास, प्रत्येकात अर्धी वाटी फिल्टरचं पाणी (बोअरचं नको, त्यानेच हळद लालसर होऊ शकते). एकात गुपचूप चमचाभर धुण्याचा सोडा. प्रत्येकाने एकेका मित्राशी ड्रॉपरभर पाणी अदलाबदल करायची, तीनच फेऱ्या. पुढे सोडा फार पातळ होतो. मग हळदीचं गाळलेलं पाणी टाका. कुंकवासारखे लाल होतील ते बाधित, जास्तीत जास्त ८. पुन्हा खेळा, या वेळी ३० ग्लासांवर झाकण, तीच लस. लशीसाठी लिंबू पिळू नका, लिंबू दुसऱ्याच्या ग्लासात जातं, लस जात नाही. झाकण शंभर टक्के अडवतं, लस तेवढी नाही, हेही सांगा. आणि कोणी ते पाणी पिणार नाही एवढं बघा.

हात दुखतो, एखाद्याला ताप येतो, मान्य. पण आज लसीकरण थांबलं ते तापाने नव्हे. उपाशी पोरं रांगेत उभी, सगळ्यांसमोर सुई, एक चक्कर येऊन पडला आणि मागची अर्धी रांग पळाली. डबा खाऊन, पडद्याआड, बसवून टोचा, नंतर अर्धा तास बसवून ठेवा. एवढंही जमत नाही?

जाऊ दे. चिडून लिहिलं खरं, पण त्या पोराचं अक्षर डोळ्यांसमोरून हलत नाही. राहिलेल्यांना परवा पुन्हा बोलावलंय. बाईंना एवढंच सांगितलंय, सुरुवात त्याच्या कात्रीपासून करा, आणि जमलं तर बागेतली मूठभर माती टेबलावर ठेवा.