कॅट काढावा की ठेवावा? ‘ऑक्टाव्हिया’च्या एक्झॉस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि मनापासून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर उरकवत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएस 230 ला एक्झॉस्ट निवडताना कॅट, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढू नका असं मी लिहिलं होतं. तुमच्याकडे तीच गाडी आहे. तुमच्या मते हा घाबरट सल्ला आहे, लेखात हेडरबद्दल (सिलेंडरांतला धूर गोळा करणाऱ्या पाइपांबद्दल) एक अक्षर नाही, बॅक प्रेशरचं (धुराला मागे रेटणाऱ्या दाबाचं) वाक्य साफ चुकीचं आहे, आणि तुम्ही डीकॅट (कॅट नसलेला) डाउनपाइप, म्हणजे टर्बोच्या लगेच मागचा एक्झॉस्ट पाइप, टाकल्यावर डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) 40 बीएचपी वाढले. शेवटी जाता जाता, 2,400 आरपीएमला केबिनमध्ये आवाज घुमतो, असंही लिहिलंत.

बॅक प्रेशरचं तुमचं बरोबर आहे. ‘इंजिनाला थोडं बॅक प्रेशर हवंच’ हे वाक्य मी लिहायला नको होतं, ते लेखातून काढलं आहे. बिनटर्बोच्या इंजिनाला गरजेपेक्षा जाड पाइप लावला की वायूचा वेग पडतो. एका सिलेंडरचा धक्का दुसऱ्याचा धूर ओढून काढायला कमी पडतो आणि खालचा टॉर्क जातो. लोक त्याला बॅक प्रेशर गेलं म्हणतात, पण गेलेला असतो वेग. आपल्या गाडीत टर्बो आहे, म्हणजे धुराच्या जोरावर टर्बाइन फिरवून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. टर्बाइन फिरते ती तिच्या पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर, त्यामुळे तिच्यामागे जितका कमी दाब तितकं चांगलं. म्हणूनच डाउनपाइप बदलला तर फरक पडतो, आणि नुसता मागचा मफलर बदलला तर बहुतेक आवाजच बदलतो.

हेडरबद्दल लिहिलं नाही, कारण या इंजिनाला वेगळा हेडर नाहीच. तिसऱ्या पिढीच्या ईए888 मध्ये, म्हणजे आपल्या गाडीच्या इंजिनात, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (ज्याच्या जागी हेडर बसतो तो भाग) सिलेंडर हेडच्या आतच ओतलेला आहे, त्याच्याभोवती कूलंट फिरतं आणि टर्बो थेट हेडला बोल्टने बसतो. तुमच्या बिलात ‘हेडर’ असं काही लावलं असेल, तर गाडी लिफ्टवर घेऊन ते नेमकं काय आहे ते एकदा पाहून घ्या.

आता 40 बीएचपी. तुम्ही खोटं सांगताय असं मला अजिबात वाटत नाही, कागदावर तो आकडा आला असणार. पण तुम्हीच लिहिलंय की पहिली रन (डायनोवरची चाचणी) मे महिन्यातली, कंपनीच्या मॅपवर, म्हणजे ईसीयूमधल्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या) मूळ सेटिंगवर. दुसरी डिसेंबरमधली, स्टेज 2 मॅप (जास्त ताकदीसाठी बदललेला), नवा इनटेक (हवा आत घेणारा भाग) आणि डाउनपाइप एकत्र. त्या 40 पैकी डाउनपाइपचे किती, हे कुणीच सांगू शकणार नाही. टर्बो पेट्रोल इंजिनात सगळ्यात जास्त देतो तो मॅप. त्यात पुण्यातली मे महिन्याची दुपार आणि डिसेंबरची सकाळ यांत इंटरकूलरला (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाला) मिळणारी हवाच वेगळी असते. डायनो हवामानाची दुरुस्ती लावतो, पण इंटरकूलर तापल्यावर ईसीयू इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद घटते), ते त्या दुरुस्तीत येत नाही. डाउनपाइपचा खरा हिशोब हवा असेल तर एकाच दिवशी, एकाच मॅपवर, मोठा पंखा लावून, गाडी थंड करत आधी तीन आणि नंतर तीन रन घ्यायला हव्यात. वेळखाऊ आणि खर्चिक काम आहे, पण त्याशिवाय आकडा कुणाच्या खात्यावर टाकायचा?

घाबरटपणाच्या आरोपाला मात्र सविस्तर उत्तर देतो. मीही आठ महिने डीकॅट वापरला. आवाज आवडला होता, टर्बो लवकर भरतो हेही जाणवलं होतं. पण सिग्नलला काच खाली केली की न जळलेल्या पेट्रोलचा वास आत यायचा. मागच्या सीटवरची माझी मुलगी डोकं दुखतं म्हणायची आणि मी ते ऊन लागल्यामुळे असेल म्हणून सोडून द्यायचो. माझ्या शेजारी स्कूटरवर थांबलेल्या माणसाला तर काचही नव्हती. तुम्ही विचारलंत, बस एवढा काळा धूर सोडतात तिथे माझ्या एका कॅटने काय होणार? बसचा धूर दिसतो म्हणून माणूस तोंड तरी फिरवतो. पेट्रोलच्या गाडीतला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नाही. कॅटमधले प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम त्याचा कार्बन डायऑक्साइड करतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोडतात. 1 एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला. एवढ्या उशिरा आलेली वस्तू आपण हौसेने कापून काढावी, हे मला पटत नाही.

मग मी 200 सेलचा (चौरस इंचाला 200 छिद्रांचा, विरळ जाळीचा) स्पोर्ट्स कॅट असलेला डाउनपाइप लावला. तिसऱ्या गिअरमध्ये 2,000 पासून पूर्ण दाबलं तर बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) चढायला लागणारा वेळ माझ्या लॉगमध्ये (नोंदींत) जवळपास डीकॅटइतकाच निघाला. वास गेला. फक्त कॅट स्वस्तातला घेऊ नका. त्यात मौल्यवान धातूंचा थर नावापुरता असतो, मागचा ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि पी0420 कोडसह चेक इंजिनचा दिवा लागतो. ‘पॉप्स अँड बँग्स’चा, म्हणजे एक्झॉस्टमधून फटाक्यांसारखे आवाज काढणारा, मॅपही नको. तो मुद्दाम इग्निशन मागे घेऊन इंधन एक्झॉस्टमध्ये जाळतो, आणि त्या उष्णतेने चांगला कॅटही वितळू शकतो.

‘आरटीओ काही म्हणत नाही’ हे आजवर खरं असेलही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीत बदल करण्याबद्दलचं) आणि त्यावरचा जानेवारी 2019 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय वाचून ठेवा. स्पोर्ट्स कॅट लावला म्हणून बदल आपोआप कायदेशीर होत नाही, हे मी माझ्याही गाडीबद्दल मान्य करतो.

राहिला घुमण्याचा प्रश्न, तो सुटण्यासारखा आहे. चार सिलेंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. 2,400 आरपीएम म्हणजे सेकंदाला 40 फेरे, 80 स्फोट, म्हणजे 80 हर्ट्झचा आवाज. 3 इंची पाइपवर रेझोनेटर (आवाज दाबणारा डबा) काढला की तो थेट केबिनमध्ये येतो. आधी रेझोनेटर परत बसवा. तरी उरला तर मुख्य पाइपला एक बंद तोंडाची फांदी काढतात, ‘जे-पाइप’ म्हणतात ती. तिची लांबी त्या आवाजाच्या लहरीच्या पाव भागाइतकी हवी. मागच्या तापलेल्या पाइपात आवाज सेकंदाला साधारण 450 ते 480 मीटर जातो, म्हणजे लांबी 1.4 ते 1.5 मीटर. गाडीखाली जागा नसेल तर ती वळवून घेतली तरी चालते, मात्र स्पीडब्रेकरला घासणार नाही एवढी वर ठेवा. फॅब्रिकेटरला सांगा, आधी मापापेक्षा वीतभर लांब ठेव, शेवटचं टोपण नुसतं टाचून दे. हायवेवर चालवून बघा, थोडं कापा, पुन्हा चालवा, आणि आवाज बसला की मगच आरगॉन वेल्डिंगने तोंड पक्कं बंद करा. शेवटी लांबी किती राहिली ते इथे नक्की लिहा. माझ्या गाडीवर मी हे अजून केलेलं नाही आणि मला ते माप हवं आहे.