भाकरी पाचच होत्या तेव्हाची उपकारस्तुती

जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. मोठं होणार आहे, सवडीने वाचा.

आपल्या मंडळ्यांमध्ये (म्हणजे चर्चमध्ये) साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची, एक पद्धत पडून गेलीय. आजारी होतो, बरे झालो, प्रभूची स्तुती असो. नोकरी नव्हती, लागली, प्रभूची स्तुती असो. यात वावगं काहीच नाही, मिळाल्यावर आभार मानायलाच पाहिजेत, येशूनं बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानायला मागे फिरला हे आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलोय. पण ज्याची नोकरी अजून लागलेलीच नाही त्यानं त्या रविवारी काय सांगायचं? त्याची गोष्ट अजून अर्धीच आहे ना. मग तो मागच्या बाकावर बसायला लागतो, उपासना संपली की चहाला न थांबता निघतो, आणि एक दिवस यायचाच बंद होतो. आणि आपण म्हणतो, विश्वासात थंड झाला.

मला याबद्दल मनापासून वाईट वाटतं म्हणून लिहितेय, कारण शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तर उपकारस्तुती आधी आहे आणि मिळणं नंतर.

योहानाचा सहावा अध्याय काढून बघा. पाच हजार पुरुष, बायका-पोरं वेगळीच. येशूचा शिष्य फिलिप्प, त्यानं हिशोब करून टाकलाय की दोनशे दीनारांच्या भाकरी आणल्या तरी प्रत्येकाच्या वाट्याला तुकडा येणार नाही. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे विचार करा केवढी रक्कम. दुसरा शिष्य अंद्रिया एका पोराला घेऊन येतो, त्याच्याकडं जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या, आणि अंद्रिया स्वतःच म्हणतो की एवढ्यांना ह्या काय पुरणार. त्याचं चूक नव्हतं, गणित बरोबरच होतं. आणि प्रभू येशू त्या पाच भाकरी हातात घेऊन आभार मानतो. तेव्हा त्या पाचच होत्या! सगळे जेवून उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्यावर नाही मानले आभार. आणि ज्या रात्री त्याला धरून दिलं त्या रात्रीही त्यानं भाकर घेतली, आभार मानले आणि मोडली. पुढं काय होणार हे माहीत असताना. प्रभुभोजनाच्या वेळी दर वेळी हे वाचलं जातं आणि आपण किती सहज ऐकून घेतो.

आमच्या घरचं सांगते, कारण नुसतं शास्त्र सांगून भागत नाही. मिस्टरांचं एमआयडीसीतलं कॉन्ट्रॅक्टचं काम सुटलं, रिन्यू झालं नाही, त्यांच्याबरोबरच्या बऱ्याच जणांचं तसंच झालं. त्यानंतरचा काळ कसा गेला ते ज्यांच्यावर वेळ आलीय त्यांना सांगायला नको. सिलिंडर संपायला आला की पोटात गोळा यायचा, शाळेच्या ग्रुपवर फीचा मेसेज पडला की मी फोन पालथा ठेवायचे, भिशी मध्येच सोडावी लागली. सासूबाई रोज रात्री ताटावर हात जोडून प्रार्थना करायच्या, रेशनच्या तांदळाचा भात आणि पातळ आमटी, आणि त्या मोठ्यानं म्हणायच्या, "बापा, आजचं ताट तू दिलंस, तुझे उपकार मानतो, आणि उद्याचं आम्हाला दिसत नाही, ते तू बघ." दोन्ही वाक्यं एकाच दमात. दिसत नाही हे पण देवाला सांगायचं आणि आभार पण मानायचे. मला वाटतं मी आयुष्यात ऐकलेली सगळ्यात खरी प्रार्थना ती आहे. आभार मानले म्हणजे कमी नाहीच असं नाटक करायचं नसतं, देवाला आपल्या डब्यात किती पीठ आहे ते माहीतच असतं.

आता एक वचन. फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, एकोणिसावं वचन, माझा देव तुमची सर्व गरज पुरवील. कॅलेंडरवर असतं, गाडीच्या काचेवर असतं, रोज सकाळी स्टेटसला असतं. माझंही आवडतं आहे. पण हे लिहिणारा प्रेषित पौल त्या वेळी कैदेत होता, आणि त्या काळी कैद्याचं खाणंपिणं बहुतेक वेळा बाहेरच्या माणसांनीच बघायचं. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली, तो तर त्या कामात मरणाच्या दारातून परत आला. ती मंडळीही काही श्रीमंत नव्हती, करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात मासेदोनियाच्या मंडळ्यांच्या कमालीच्या दारिद्र्याबद्दल पौल लिहितो, आणि फिलिप्पै मासेदोनियातलंच. म्हणजे एक कैदी, ज्याला उपाशी राहणं माहीत आहे, तो अशा गरीब लोकांना लिहितोय ज्यांनी स्वतःच्या पोटाला चिमटा काढून त्याला पाठवलंय, आणि त्यांना सांगतोय की देव तुमची गरज पुरवील. सगळी गरज पुरवील म्हणतो, सगळी हौस पुरवील असं म्हणत नाही. आणि त्याच्या जरा वर तो म्हणतो की आहे त्यात तृप्त राहायला मी शिकलोय. पौलालासुद्धा शिकावं लागलं, मग आपल्याला वेळ लागला तर काय झालं.

म्हणून मला त्या शिकवणीचा त्रास होतो जी आता मोबाईलवरून घराघरात आलीय, की एवढ्या रुपयांचं बीज पेरा, देव शंभरपट देईल, आणि नाही मिळालं तर तुमचाच विश्वास कमी. अडचणीतल्या माणसाच्या खिशातले शेवटचे पैसे काढून घ्यायचे आणि वर त्यालाच दोषी ठरवायचं. असं बोलणाऱ्यांनी एकदा पंडिता रमाबाईंचं आयुष्य वाचावं.

1876-77 च्या दुष्काळाच्या आसपास त्यांचे वडील, आई आणि मोठी बहीण थोड्याथोड्या अंतरानं गेले. देवभोळं, व्रतवैकल्यं करणारं, तीर्थं हिंडणारं कुटुंब, शेवटी जंगलातली पानं खायची वेळ आली. आईसाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई शेजारच्या घरी गेल्या तेव्हा लाजेनं त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना, आणि भाकरी मिळाली पण आईला ती खायची ताकदच उरली नव्हती. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ह्या बाईला कोण सांगणार की विश्वास ठेव म्हणजे कधी कमी पडत नाही? त्या ख्रिस्ताकडे आल्या, 1883 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली-बायका केडगावला आणल्या (आपलं नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं). पुढं 1900 च्या दुष्काळात तो आकडा आणखी वाढला. इतक्या तोंडांना रोज घालायचं कुठून? प्रार्थना करायच्या आणि विहिरी खोदायच्या, शेती करायची, मुलींना कामं शिकवायची. देव पुरवतो म्हणून हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. ज्या मुलीला एकदा भाकरीचा तुकडा मागताना रडू फुटलं तिच्याच हातून देवानं हजारोंना भाकर दिली, केडगावला त्यांनी उभं केलेलं ते मुक्ती मिशन आजही तिथं आहे.

माझ्या आजीनं 72 च्या दुष्काळात खडी फोडलीय. अमेरिकेतून आलेली ती तांबडी मिलो ज्वारी, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही म्हणायची, पोरांना कामावर सुकडी मिळायची तेवढाच आधार. त्या वर्षी रानात काहीच नव्हतं तरी गावच्या मंडळीनं कापणीचा सण केला. एरवी सणाला लोक धान्य, कोंबड्या, अंडी, भाजीपाला घेऊन येतात, मग लिलाव होतो, हसणं-खिदळणं असतं. त्या वर्षी आजी पदरात मूठभर मिलो बांधून घेऊन गेली. तिला हबक्कूक संदेष्ट्याचं ते वचन पाठ होतं, अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. तिला वाचता येत नव्हतं, ऐकून पाठ केलेलं. तिच्यासाठी ती कविता नव्हती, तिच्या दारातली परिस्थिती होती.

आणि देव पुरवतो ते कुणाच्या हातून पुरवील हे आपण ठरवू शकत नाही. दुष्काळात एलीया संदेष्ट्याला आधी करीथ ओहोळाजवळ कावळ्यांनी भाकर आणली. ओहोळ आटला, हेही लक्षात घ्या, देवानंच दाखवलेला ओहोळ आटला, आणि मग देवानं त्याला कुठं पाठवलं तर सारफथला, सीदोनात, परक्या देशातल्या विधवेकडं, जिच्याकडं मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडंसं तेल, आणि तिनंच त्याला खाऊ घातलं. आमच्याकडं ती विधवा म्हणजे आमचे किराणावाले काका. ते चर्चला येत नाहीत, त्यांच्या दुकानात त्यांच्या देवाचा फोटो आहे. मी वहीवर मांडून ठेवा म्हणायला गेले तर ते म्हणाले, "ताई, पोरांच्या दुधाचं आधी घेऊन जा, वही मी बघतो." त्या दिवशी रात्री आम्ही त्यांचं नाव घेऊन प्रार्थना केली, अजून करतो.

मिस्टरांना आता काम लागलंय, पगार पहिल्यापेक्षा कमी आहे, वहीवरचं अजून फिटायचंय. ओढाताण चालूच आहे. इस्राएल लोकांना रानात देवानं दिलेलं अन्न, तो मान्ना, एका दिवसापुरताच मिळायचा, उरवून ठेवला की सकाळी किडे पडायचे, आणि प्रभूनं प्रार्थना शिकवली ती पण आमची रोजची भाकर आज दे एवढीच, महिन्याची नाही. मला महिन्याची मागावीशी वाटते, खरं सांगते, आणि मी मागते पण. देव बाप आहे, लेकरानं जास्त मागितलं म्हणून रागावत नाही.

महिला संघात मी एक विषय मांडलाय. चर्चच्या मागच्या खोलीत धान्याचं कपाट ठेवायचं, तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहा पावडर, ज्याला जमेल त्यानं ठेवायचं आणि ज्याला लागेल त्यानं न्यायचं, नाव लिहायचं नाही, विचारायचं नाही, नेणाऱ्याकडून नंतर साक्ष मागायची नाही. काही जणींचं म्हणणं आहे की नोंद नसेल तर गैरफायदा घेतला जाईल. मला वाटतं घेऊ दे, प्रभूनं पाच हजारांना बसवलं तेव्हा कुणाच्या घरी जेवण आहे आणि कुणाच्या नाही हे विचारलं नव्हतं. पाळकसाहेब अनुकूल आहेत, पुढच्या मीटिंगला ठरेल. कुणाच्या मंडळीत अशी सोय आधीपासून चालू असेल तर धान्याला कीड लागू नये म्हणून काय करता आणि किल्ली कुणाकडं ठेवता ते मला इनबॉक्समध्ये नक्की सांगा.