अंगठा दाबून यूट्यूब सरळ होत नसतं

परवा मावशी फोनवर मोठ्या अभिमानाने म्हणाली, "रोज झोपताना पंचवीस व्हिडिओ नापसंत करते गं. आठवड्यात यूट्यूब ताळ्यावर येणार." उगम अर्थातच फॉरवर्ड. 'सात दिवसांत यूट्यूबपासून सुटका, शंभर टक्के खात्री' हा मेसेज मलाही तिसऱ्यांदा आलाय. आता बास.

पहिला उपाय हाच: नको ते व्हिडिओ उघडा, खालचा अंगठा दाबा, यूट्यूबला आपोआप कळतं. काय कळतं? फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२२ मध्ये २० हजारांहून जास्त लोकांना यूट्यूब काय सुचवतं, म्हणजे त्याच्या शिफारशी, तपासल्या. अंगठ्याने नकोशा शिफारशी थांबल्या जेमतेम १२ टक्के. 'स्वारस्य नाही'ने ११. पाहिलेल्यांच्या यादीतून व्हिडिओ काढून टाकल्यावर २९, आणि 'हे चॅनल सुचवू नका'ने ४३. म्हणजे त्यातलं सगळ्यात गुणी बटणसुद्धा निम्म्यापर्यंत पोचत नाही. शिवाय अंगठा दाबायचा तर व्हिडिओ आधी उघडायला हवा, आणि उघडला की तो इतिहासात, म्हणजे पाहिलेल्यांच्या त्याच यादीत, जाऊन बसतो. २०१२ पासून यूट्यूब नुसत्या क्लिकपेक्षा किती वेळ पाहिलं याला जास्त वजन देतं. वेळ वाचवायचा म्हणून मावशी रोज अर्धा तास नकोसे व्हिडिओ पाहते! रोगापेक्षा औषध जालीम, दुसरं काय.

'ॲप काढून पुन्हा टाका, सगळं कोरं होतं.' नाही होत. इतिहास खात्यात असतो, फोनमध्ये नाही. लॉगिन केलं की जुनं बिऱ्हाड जागच्या जागी.

'इन्कॉग्निटोत (इतिहास न ठेवणाऱ्या मोडमध्ये) शिफारशी येत नाहीत.' येतात. तुमच्या जुन्या इतिहासावरून नसतील, एवढंच.

ऑटोप्ले, म्हणजे एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप लागणं, बंद करा म्हणतात, ते मात्र बरोबर आहे. करा. नाइलाजाने मान्य.

शेवटचा मुद्दा वाचून डोकंच फिरलं: 'खरा प्रश्न मनोनिग्रहाचा आहे.' आज यूट्यूबचे सीईओ असलेले नील मोहन २०१८ मध्ये स्वतःच म्हणाले होते की यूट्यूबवर लोक घालवतात त्यातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ शिफारशींमुळे असतो. म्हणजे जे मुद्दाम घडवलंय ते चोख चाललंय, आणि बोल लावायचा पेंगुळलेल्या मावशीला?

ज्याने खरोखर फरक पडतो ते मेसेजमध्ये नाहीच. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहण्याचा इतिहास बंद करा आणि जुना पुसून टाका. ऑगस्ट २०२३ पासून असं केलं की होम पान जवळजवळ रिकामं दिसतं. हवं ते शोधायचं, किंवा सबस्क्रिप्शनमध्ये जायचं. व्हिडिओखालच्या शिफारशी तरीही राहतात, पण उघडल्या उघडल्या समोर येणारा बाजार उठतो.

रविवारी मावशीच्या फोनवर हे करून दिलं. संध्याकाळी तिचा फोन: "अगं, तू काय केलंस? माझं यूट्यूब बिघडलंय, काहीच येत नाही त्यावर."