शनिवारच्या भुताच्या खेळाला नियम कुठले?

काल कट्ट्यावर दोनदा चहा झाला तरी वाद मिटेना. शनिवारी रात्री सहा जण बसणार, त्यातले दोघे रोलप्लेइंग, म्हणजे एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, पहिल्यांदाच खेळणार, गोष्ट भीतीचीच हवी आणि गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी.

"डंजन्स अँड ड्रॅगन्सच घे की," निखिल म्हणाला. "आपल्याला पाठ आहे. रेव्हनलॉफ्टची भयकथा १९८३पासून त्यातच आहे. किल्ला, व्हॅम्पायर, सगळं तयार."

"वातावरण आहे रे, पण नियम घाबरूच देत नाहीत," मी म्हटलं. पाचव्या लेव्हलला विझर्डला, म्हणजे जादूगाराला, फायरबॉल हा आगीचा मंत्र मिळतो. आठ फासे टाकले की अख्खी खोली पेटते. रात्रभर झोप काढली की गेलेले हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा जीव मोजणारे गुण, सगळे परत. रोज सकाळी ठणठणीत होऊन उठणाऱ्याला अंधाराचं काय भय?

सायलीचा जीव कॉल ऑफ कथुलू या खेळावर. "त्यात मार खाऊन नाही, कळून माणूस संपतो," ती म्हणाली, आणि इथे मी गप्प झालो, कारण ते खरंच आहे. कथुलू मिथॉस, म्हणजे त्यातल्या भयाण गूढाचं ज्ञान, हे कौशल्य जेवढं वाढेल, तेवढी सॅनिटीची, म्हणजे मन शाबूत असण्याची, कमाल मर्यादा ९९ वरून खाली येते. पोथी वाचली तर गूढ उकलतं, पण माणूस कायमचा थोडा ढासळतो. न वाचावी, तर दार वाजतंय. भीतीच्या खेळातला इतका सुंदर नियम मला दुसरा माहीत नाही. तीन-चार महिने खेळायचं असतं तर डोळे झाकून तोच घेतला असता. पण एकाच रात्रीत नवख्यांचा पहिला तास पात्राचा कागद भरण्यात जाऊ नये.

माझं मत ड्रेडला. २००५चा खेळ, फासे नाहीतच, मधोमध जेंगाचा, म्हणजे लाकडी ठोकळ्यांचा, मनोरा. अवघड काही करायचं तर ठोकळा काढायचा; मनोरा पडला की तुमचं पात्र गेलं.

"मे महिन्यातलं आठव," मी सायलीला म्हटलं. तिचं पात्र वाड्याच्या जिन्याखाली लपलेलं, बाहेर कुणीतरी तिचं नाव घेत होतं. श्वास रोखायला एक ठोकळा. मनोरा हलू नये म्हणून पंखा बंद. तिने तळवा कुर्त्याला पुसला, नखाने ठोकळा ढकलला, तर शेजारचाही सरकला. सगळे जागच्या जागी थिजले.

"आणि ज्याचा हात मुळातच थरथरतो त्याने काय करायचं?" निखिलने विचारलं. प्रश्न रास्त होता. ठोकळा नाकारता येतो, काम फसतं पण जीव वाचतो. तरी पुन्हा पुन्हा नाकारायला लागलं तर खेळणार काय? शेवटी ठरलं, असा कुणी असेल तर त्याचा ठोकळा त्याने सांगावा आणि शेजाऱ्याने काढावा. सुरुवातीला मनोरा भक्कम असल्याने धाकधूक नसते, हेही त्याने बरोबर काढलं. चार-पाच ठोकळे आधीच काढून ठेवू.

"पण तुझं टेबल डुगडुगतं," सायली म्हणाली.

निखिल आजीचा शिसवी पाट आणतोय. जमिनीवरच मांडू.