फिनलंड पहिला, भारत 118वा: फॉरवर्डमधल्या पाच दाव्यांना उत्तर

20 मार्च, म्हणजे आंतरराष्ट्रीय आनंद दिन, जवळ आला, की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावागावांतल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: आनंदी देशांची जागतिक यादी हा भारताला कमी लेखण्याचा डाव आहे. परदेशी तज्ज्ञ सूत्र लावून गुण देतात. आत्महत्या करणारा फिनलंड पहिला येतो, आणि पाकिस्तानही आपल्या वर. आपली एकत्र कुटुंबं कुणी मोजत नाही. आणि शेवटी, सुख मनात असतं, त्याची कसली यादी?

मजकूर लिहिणाऱ्याचा राग खोटा नाही. 2025च्या जागतिक आनंद अहवालात 147 देशांत भारत 118वा होता, हे वाचून कुणालाही टोचेल. पण या पाचपैकी चार दावे चुकीच्या माहितीवर उभे आहेत, आणि पाचवा अर्धवट.

‘परदेशी तज्ज्ञ सूत्र लावून गुण देतात’

गुण तज्ज्ञ देत नाहीत, त्या त्या देशातली माणसं स्वतःच्या आयुष्याला देतात. गॅलप ही सर्वेक्षण संस्था प्रत्येक देशात दरवर्षी साधारण 1,000 प्रौढांना एक प्रश्न विचारते. एक शिडी डोळ्यांसमोर आणा. तळाची पायरी 0, माथ्याची 10. माथ्यावर तुम्हाला शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य, तळाला सर्वांत वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढायची, की क्रमांक ठरला. 2025च्या अहवालात फिनलंडची सरासरी 7.736 आली, भारताची 4.389. हॅडली कँट्रिल या अमेरिकी संशोधकाने 1965 साली मांडलेली ही शिडी आहे.

गोंधळ होतो तो रंगीत पट्ट्यांमुळे. अहवालातल्या आलेखात प्रत्येक देशापुढे उत्पन्न, आधार, निरोगी आयुर्मान, निवडीचं स्वातंत्र्य, दानत आणि भ्रष्टाचार असे सहा रंग दिसतात. वाचणाऱ्याला वाटतं, या सहांची बेरीज म्हणजे गुण. तसं नाही. क्रमांक आधी शिडीवरून लागतो, आणि देशादेशांत फरक का पडला हे शोधायला हे सहा घटक नंतर लावले जातात. त्यांतून सुमारे तीन चतुर्थांश फरकाचा उलगडा होतो. उद्या उत्पन्नाचा रंग काढून टाकला, तरी भारताचा क्रमांक 118च राहील.

आणि परक्यांचा डाव म्हणावा, तर या सगळ्याचं बी आपल्या शेजारच्या भूतानने पेरलं. जुलै 2011 मध्ये भूतानच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांत ठराव झाला, आणि 2012 साली पहिला अहवाल निघाला. त्याच भूतानला 2019च्या यादीत 95वं स्थान मिळालं. कल्पना मांडणाऱ्यालाही कुणी झुकतं माप दिलं नाही.

या शिडीत एक खरी खोट आहे, ती मात्र फॉरवर्डमध्ये नसते. 2024 मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की ‘शिडी’ म्हटलं की लोकांच्या मनात पैसा आणि सत्ता जास्त येते. तोच प्रश्न शिडीविना विचारला, तर नाती आणि तब्येत पुढे येतात. यादीवर टीका करायची, तर इथे करावी.

‘आत्महत्या करणारे आनंदी कसे?’

ही माहिती 30-35 वर्षं जुनी आहे. 1990 च्या सुमारास फिनलंडमध्ये दर लाख लोकांमागे वर्षाला 30 आत्महत्या होत होत्या, हे खरं. आज तो आकडा त्याच्या निम्म्याहून खाली आहे. भारताचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने दिलेला 2022चा आकडा लाखामागे 12.4 होता. म्हणजे दोन्ही देश आज जवळपास एकाच ठिकाणी आहेत, फक्त फिनलंड वरून खाली आलाय.

कसे आले, हे कापसाच्या पट्ट्यातल्या माणसाने नीट वाचावं. फिनलंडने 1986 साली राष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला. 1987 च्या एप्रिलपासून पुढच्या बारा महिन्यांत झालेल्या 1,397 आत्महत्यांचा एकेक करून अभ्यास झाला. घरच्यांशी बोलले, दवाखान्याचे कागद पाहिले. बहुतेकांना नैराश्य किंवा दारूचा आजार होता, आणि उपचार फार थोड्यांना मिळाले होते. मग उपचार गावपातळीच्या दवाखान्यापर्यंत नेले. आपल्याकडे 14416 या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) क्रमांकावर मराठीत फुकट बोलता येतं. हा क्रमांक त्या फॉरवर्डपेक्षा जास्त फिरायला हवा.

शिवाय सरासरी आणि टोक या वेगळ्या गोष्टी. गावाचं सरासरी उत्पन्न वाढलं म्हणून कर्जात बुडालेलं घर वर येत नाही. तसंच देशाची सरासरी 7.7 असली, तरी तळाच्या पायरीवर माणसं असतात.

‘पाकिस्तान आपल्या वर, म्हणजे यादीच खोटी’

2025च्या अहवालात पाकिस्तान 4.768, भारत 4.389. फरक 0.38 पायरीचा. एकेकाचं उत्तर सरासरीपासून साधारण अडीच पायऱ्या वर किंवा खाली असतं असं धरलं, तर 3,000 माणसांच्या सरासरीत साधारण 0.1 इकडेतिकडे होतं. गावं निवडून नमुना घेतल्यामुळे थोडं आणखी. तरी 0.38 त्याहून मोठा आहे, म्हणून हा नुसता योगायोग म्हणून झटकता येत नाही. पण दोघेही पाचाच्या खाली आहेत. दोन्हीकडची माणसं सांगताहेत, की आम्ही शिडीच्या अर्ध्यावरही नाही. यात शेजाऱ्याने मिरवावं असं काही नाही.

खरा बोचणारा आकडा शेजाऱ्याचा नसून आपलाच जुना आहे. 2013च्या अहवालात भारत 4.772 वर होता, 2020च्या अहवालात 3.573 वर. या काळात दरडोई उत्पन्न वाढलं, मोबाइल घरोघरी पोचले, रस्ते झाले, आणि लोकांनी स्वतःला जवळपास सव्वा पायरी खाली उतरवलं. 4.389 म्हणजे त्यातलं निम्म्याहून जास्त भरून आलं, पण सगळं नाही. चर्चा व्हायची, तर या घसरणीची व्हावी.

‘आपली एकत्र कुटुंबं मोजत नाहीत’

मोजतात. थेट विचारतात: तुम्ही अडचणीत सापडलात, तर लागेल तेव्हा मदतीला धावून येतील असे नातेवाईक किंवा मित्र तुम्हाला आहेत का? उत्तर फक्त हो किंवा नाही. फिनलंडमध्ये शंभरातले पंच्याण्णवच्या वर ‘हो’ म्हणतात. भारतात हा आकडा अलीकडच्या अनेक अहवालांत साठीच्या आसपास राहिला. ज्या गोष्टीचा आपल्याला सर्वांत जास्त अभिमान, तिथेच आपण सर्वांत जास्त मागे आहोत.

अविश्वास वाटण्याआधी हा प्रश्न खानदेशात कुणाकुणाला विचारला जाईल, ते डोळ्यांसमोर आणावं. आखाजी (अक्षय्य तृतीया) ते आखाजी असा वर्षभर कामाला राहिलेल्या सालदाराला धावून येणारा माणूस म्हणजे मालक, आणि उचल अंगावर चढवणाराही तोच. नंदुरबार-धुळ्याकडून दक्षिण गुजरातमध्ये ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचे म्हातारे आईबाप गावी, आणि ते स्वतः फडाच्या कडेला. भाऊबंदकीत बांधावरून कोर्टात गेलेल्या दोघा भावांचं घर कागदावर एकत्रच दिसतं. सासरी नांदणाऱ्या बाईला माहेर असतं, पण मागायला जायचं तर नवऱ्याचा शब्द लागतो. एका छपराखाली दहा माणसं असली, म्हणजे रात्री दोनला पैसे देणारा माणूस असतोच असं नाही. घरातली संख्या आणि घरचा आधार ही दोन मापं आहेत, फॉरवर्ड त्यांना एक धरतो.

जेवणाचंही तेच. 2025च्या अहवालात मागच्या आठवड्यातल्या 14 जेवणांपैकी किती ओळखीच्या माणसासोबत झाली, हे विचारलं होतं. सेनेगल सर्वांत वर, दक्षिण आशिया अगदी तळाच्या प्रदेशांत. पुरुष आधी, पोरं मग, बाई शेवटी चुलीपाशी, ही आपली पंगत आठवली की आमच्या मते यात नवल उरत नाही.

फिनलंडमध्ये नाती आपल्यापेक्षा घट्ट आहेत, असा याचा अर्थ नाही. तिथे बराचसा आधार मिंधेपणाशिवाय मिळतो. बाळंतिणीला कपड्यालत्त्याची पेटी 1938 पासून, आधी गरिबांना आणि 1949 पासून सर्वांना. शाळेत प्रत्येक मुलाला फुकट जेवण 1948 पासून. तेव्हा तो श्रीमंत देश नव्हता, नुकताच युद्धातून बाहेर आला होता. नातेवाइकाकडे मागायचं ओझं कमी झालं, की नातेवाईक प्रेमाने येतो.

‘पण तो एवढासा देश’ हे उत्तर लगेच येतं. फिनलंडची लोकसंख्या 56 लाख. 2011च्या जनगणनेत जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून 79 लाख. लहान असणं हीच अडचण सोडवणारी गोष्ट असती, तर आपले तीन जिल्हे ती सोडवून बसले असते.

‘सुख मनात असतं, पैशात नाही’

अर्धं खरं. पैशाचा परिणाम पटीने होतो: दहा हजारांचे वीस हजार झाले की जेवढी उडी, तेवढीच लाखाचे दोन लाख झाल्यावर. म्हणून गरिबाला दिलेला रुपया जास्त काम करतो. आणि पैसा पुरेसा नाही, हेही यादीच सांगते: 2025 मध्ये कोस्टा रिका सहावा, मेक्सिको दहावा, आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी श्रीमंत अमेरिका 24वी.

पण सुख नुसतं मनात असतं, तर माणूस देश बदलून गेला तरी ते बदललं नसतं. 2018च्या अहवालात 117 देशांत बाहेरून येऊन राहिलेल्यांची वेगळी यादी केली. बाहेरून आलेल्यांचे गुण त्या देशात जन्मलेल्यांच्या गुणांच्या जवळ गेले होते. त्या यादीतही फिनलंडच पहिला. म्हणजे बरंचसं काम आजूबाजूची व्यवस्था करते: तलाठ्याकडे चिरीमिरी लागते का, पीकविम्याचे पैसे वेळेवर येतात का, पडलेलं पाकीट परत मिळेल असं वाटतं का. पाकिटावरून आठवलं: 2013 मध्ये एका मासिकाने 16 शहरांत प्रत्येकी 12 पाकिटं मुद्दाम पाडली होती. हेलसिंकीत 11 परत आली, आणि दुसऱ्या क्रमांकावर मुंबई, 9. आपली माणसं विश्वासाला कमी पडत नाहीत. पडतो तो माणसांवरचा आपलाच भरवसा.

यादीवर विश्वास नसेल, तर गावात करून पाहावं. मतदार यादीतून ठरावीक अंतराने 100 नावं काढायची, ओळखीची नाहीत. प्रत्येकाला एकट्याला विचारायचं, सुनेला सासूसमोर कधीच नाही, नाहीतर ‘बठ्ठं बरं शे’ (सगळं बरं आहे) हेच उत्तर येतं. कागदावर शिडी काढून आकडे घालायचे, आणि ‘आनंदी’ हा शब्द प्रश्नात येऊ द्यायचा नाही. आखाजीच्या आठवड्यात लेकी माहेरी असतात, केळीला गारपीट झाल्यावर सगळेच खचलेले असतात, म्हणून दोन वेगळ्या महिन्यांत विचारावं. 100 जणांच्या सरासरीत अर्ध्या पायरीची चूक गृहीत धरावी. दोन गावांत 0.7 पेक्षा कमी फरक आला, तर एक गाव जास्त सुखी असं म्हणू नये. मग आधाराचा हो-नाही प्रश्न विचारावा, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांत बाया किती, सालदार किती, एकटे म्हातारे किती, हे वेगळं मांडावं. हा तक्ता ग्रामसभेत वाचता येतो.