देहाचा सातबारा

सर्वात आधी फॅमिली डॉक्टर सोडा. त्यांना तुमचं सगळंच ठाऊक असतं, म्हणजे खोलवर काहीच ठाऊक नसणार. तुमच्या आजोबांचा दमा, तुमची दहावीच्या पेपराआधीची जुलाबांची सवय, असल्या फुटकळ भांडवलावर औषध देणारा माणूस आता काय कामाचा?

त्यापेक्षा देहाचे रीतसर पोटहिस्से पाडून घ्या. हृदय एकाकडे, मूत्रपिंडं दुसऱ्याकडे, सांधे तिसऱ्याकडे. कुणी कुणाचा बांध कोरायचा नाही.

ब्लडप्रेशर वाढलं की हृदयवाल्यांकडून अ‍ॅम्लोडिपिन घ्या. गोळी चांगली आहे, फक्त काहींचे घोटे सुजतात. चपलेचा पट्टा रुतू लागला तरी परत हृदयवाल्यांकडे जाऊ नका. घोटे त्यांच्या हद्दीत येत नाहीत. पायांच्या शिरा बघणाऱ्यांकडे जा. ते लघवी वाढवणारी गोळी देतील. असल्या सुजेवर तिचा फारसा उपयोग नसतो, पण युरिक अ‍ॅसिड ती वाढवू शकते. मग एका रात्री पायाचा अंगठा असा ठणकेल की वरची चादरही सोसवणार नाही. अभिनंदन, सांधेवाल्यांचं दार उघडलं! तिथल्या वेदनाशामकाने अंगात मीठ-पाणी साचतं, ब्लडप्रेशर चढतं. हृदयवाले आकडा बघून ५ ची गोळी १० ची करतील. डोस वाढला की सूजही वाढते. चप्पल एक नंबर मोठी घ्या. मूत्रपिंडवाले अजून रिकामे बसलेत, पण त्यांचीही पाळी येईल, धीर धरा.

या साखळीला ‘प्रिस्क्रायबिंग कॅस्केड’ म्हणतात. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ यांनी १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ती उलगडून दाखवली होती. पण तो लेख ना हृदयाचा, ना सांध्यांचा. वाचायचा कुणी?

एक पथ्य मात्र पाळा. सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून कुणापुढे ओतू नका. आमच्या शेजारच्या काकांनी ही चूक केली. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी अकरा पाकिटं टेबलावर ओळीने मांडली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “सूज कुठली गोळी सुरू झाल्यावर आली?” मग ती एक बदलली, दोन बंद केल्या. फी शंभर रुपये.

पंधरा दिवसांत जुनी चप्पल पायात बसली. काका अजून नाराज आहेत. म्हणतात, शंभर रुपयांत उतरते ती कसली सूज!